पत्र्याची पेटी

2025 सालच्या जून महिन्यात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक लहानशी बातमी माझ्या वाचनात आली. रोम शहरी एन्झो स्तायोला नावाचे गृहस्थ वयाच्या 85व्या वर्षी निवर्तले होते. पुढील आयुष्यात त्यांनी शाळेत गणित शिकविले, असेही तीत म्हटले होते. हे नाव पुष्कळांच्या ओळखीचे नसेल. माझ्याही ते पटकन ध्यानात आले नाही. परंतु बातमीशेजारी आठनऊ वर्षांच्या एका मुलाचे छायाचित्र छापलेले होते. त्याच्याकडे दृष्टी गेली आणि हातातला चहाचा पेला हातातच राहिला. गोल चेहरा, आखूड कोट आणि थोरांना शोभेल अशी गंभीर नजर! त्या मुलाला मी पूर्वी एकदाच, अवघा दीड तास पाहिले होते. 1978 सालच्या फेब्रुवारीत, आमच्या शाळेच्या सभागृहात, भिंतीला ताणून बांधलेल्या पांढऱ्या चादरीवर.

आमचे गाव कृष्णेच्या काठचे, तालुक्याचे. गावात चित्रपटगृहे दोन होती. पण ती आम्हांला मुख्यतः माहीत होती ती बाहेर लावलेल्या रंगीत फलकांवरून. दिवाळीच्या सुटीत एक आणि वार्षिक परीक्षा संपल्यावर एक, असे वर्षाकाठी दोन चित्रपट पाहण्याची परवानगी घरून मिळे. अशा गावात काही हौशी मंडळींनी एक चित्रपट मंडळ काढले. त्यांत दोन वकील होते, एक डॉक्टर होते, महाविद्यालयाचे तीनचार प्राध्यापक होते, नगरपालिकेतील काही कारकून होते. आणि या सर्वांची मोट बांधणारे आमच्या शाळेतील चित्रकलेचे सर होते.

चित्रपट मंडळ म्हणजे काय, हे आता थोडे समजावून सांगावे लागेल. ज्या काळी परदेशी चित्रपट पाहायचा तर त्याची फीत कोठून तरी मिळवून आणणे एवढाच मार्ग होता, त्या काळची ही गोष्ट आहे. चित्रपटगृहात जे लागत नाही, ते पाहू इच्छिणारी माणसे एकत्र येत, वर्षाची वर्गणी जमवीत आणि फिती मागवून घेत. तिकिटे विकायची नाहीत, नफा मिळवायचा नाही, फक्त पाहायचे आणि पाहिल्यावर बोलायचे. सत्यजित राय आणि चिदानंद दासगुप्ता यांनी त्यांच्या काही स्नेह्यांसह 1947 साली कलकत्त्यात असे मंडळ स्थापन केले. पुढे ठिकठिकाणच्या मंडळांचा एक महासंघ 1959 साली निर्माण झाला. 1964 साली पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले, तेव्हा महाराष्ट्रातील लहान गावांनाही जगातले उत्तम चित्रपट काहीसे जवळ आले. काही फिती पुण्याहून येत, काही मुंबईतील परदेशी वकिलातींकडून येत. आमच्यासारख्या गावी त्या येत त्या एस.टी.च्या टपावरून.

1977 सालच्या नाताळात चार्ली चॅप्लिन वारला. त्याच्या स्मरणार्थ आरंभ करावा आणि पुढे सहा रविवार सहा देशांतले चित्रपट दाखवावेत, असे मंडळाने ठरविले. अडचण जागेची होती. मुख्याध्यापकांनी शाळेचे सभागृह विनामूल्य देण्याचे मान्य केले, पण एक अट घातली. वरच्या वर्गांतील दहा मुलांना हे चित्रपट पाहू द्यावेत. त्याबदली ती मुले बाके मांडतील, खिडक्यांना घोंगड्या लावतील आणि नंतर सभागृह झाडून काढतील. मी तेव्हा नववीत होतो. माझी निवड कोणत्या गुणावर झाली, याविषयी मला मुळीच भ्रम नाही. मी एकट्याने बाक उचलू शकत असे.

दुसरी अडचण त्या पेटीची होती. फितीची तीनचार रिळे असलेली पत्र्याची चौकोनी पेटी रविवारी सकाळी पुण्याच्या गाडीने येई आणि सोमवारी सकाळी सातच्या गाडीने परत जाई. ती उतरवून घेणे, सभागृहात पोहोचविणे, रात्री सांभाळणे आणि सकाळी पुन्हा गाडीवर चढविणे हे काम कोणी करायचे? एस.टी. स्थानकासमोर माझ्या वडिलांचे सायकलदुरुस्तीचे दुकान होते. दुकान म्हणजे चार पत्रे आणि एक फळी. भाड्याने द्यायच्या सात सायकली, पाण्याचे एक घमेले, हवा भरायचा पंप आणि खिळ्यांना टांगलेल्या जुन्या ट्यूबा, एवढाच संसार. आठवड्याला तीन रुपये घेऊन आबांनी पेटीचे काम पत्करले. कॅरिअरला दोरीने पेटी आवळून ते हँडल धरून चालत येत. सायकलवर बसून का येत नाहीत, असे एकदा मी विचारले होते. "दुसऱ्याची वस्तू आहे. खड्ड्यात आदळली तर?" असे ते म्हणाले.

म्हणजे सहा रविवारांच्या सहा रात्री त्या पेट्यांचा मुक्काम आमच्या घरी, आबांच्या बाजेखाली असे! पहिल्याच रात्री सर्व निजल्यावर मी पेटी उघडली. कंदिलासमोर फीत धरली. नखाएवढ्या चौकटीत चॅप्लिन उभा होता, खालच्या चौकटीतही तसाच उभा होता, त्याखालीही तसाच. हातभर फीत पाहिली तरी तो जागचा हलला नाही. दुसऱ्या दिवशी मी सरांना विचारले, तेव्हा त्यांनी फळ्यावर हिशेब मांडला. एका सेकंदाला 24 चित्रे डोळ्यांपुढून जातात. या अरुंद, सोळा मिलिमीटरच्या फितीच्या एका फुटात 40 चित्रे मावतात. म्हणजे मिनिटाला 36 फूट फीत यंत्रातून सरकते. दीड तासाचा चित्रपट म्हणजे सव्वातीन हजार फूट, जवळजवळ एक किलोमीटर! आमच्या घरापासून शाळेपर्यंतचे अंतर साधारण तेवढेच होते. त्या दिवसापासून शाळेच्या वाटेने जाताना ही सबंध वाट चित्रांची आहे, असे मला वाटू लागले.

पहिल्या रविवारी 'द गोल्ड रश' झाला. 1925 सालचा हा मूकपट. भुकेला चार्ली बूट शिजवून खातो आणि बुटाचे खिळे हाडांसारखे चोखतो, तेव्हा सभागृह हसून हसून लोळले. दुसऱ्या रविवारचा 'द रेड बलून' हा फ्रेंच चित्रपट अर्ध्या तासाहून थोडाच मोठा होता. पॅरिसच्या उतरत्या गल्ल्यांतून एका मुलामागे एक लाल फुगा पाळीव प्राण्यासारखा हिंडतो, एवढीच त्याची कथा. पण तो संपल्यावर पुन्हा एकदा दाखवा, असा आग्रह वकीलसाहेबांनीच धरला. तिसऱ्या रविवारी रशियाचा 'बॅलड ऑफ अ सोल्जर' होता. एकोणीस वर्षांच्या सैनिकाला पराक्रमाचे बक्षीस म्हणून पदक मिळणार असते. तो म्हणतो, पदक नको, आईच्या घराचे गळके छप्पर दुरुस्त करायला रजा द्या. वाटेत ज्याला त्याला साहाय्य करता करता त्याची रजा सरते आणि आईला तो अवघी काही मिनिटे भेटतो. त्या दिवशी चर्चेला कोणी थांबले नाही. सगळे मुकाट्याने घरी गेले.

येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. हे सारे परदेशी चित्रपट आम्हांला समजत ते कसे? चित्राखाली इंग्रजी वाक्ये उमटत. ती वाचून होण्यापूर्वीच नाहीशी होत. आरंभी सर चक्रमुद्रित कागदावरून कथेचा मराठी गोषवारा वाचून दाखवीत. त्याच्या आधारावर आणि चेहऱ्यांच्या आधारावर आम्ही वाट काढीत असू. निम्म्याहून अधिक सभासदांचीही हीच स्थिती असावी, असा माझा दाट संशय आहे. पण तसे कोणी दाखवीत नसे. मी तर मुळीच दाखवीत नसे. खाली वाक्य उमटले की ते वाचल्यासारखे करून मी मान डोलावीत असे. मंडळाच्या त्या बाकांवर बसल्याने आपण गावातील इतर मुलांहून काही निराळे झालो आहोत, असे मला वाटू लागले होते.

चौथ्या रविवारी अकिरा कुरोसावा या जपानी दिग्दर्शकाचा 'इकिरू' होता. 1952 सालचा हा चित्रपट. तीस वर्षे कचेरीत कागदांवर शिक्के मारीत बसलेल्या एका वृद्ध अधिकाऱ्याला आपला मृत्यू जवळ आल्याचे कळते. आणि उरलेल्या दिवसांत तो एका गलिच्छ डबक्याच्या जागी मुलांसाठी बाग उभी करतो. आरंभीच, त्या डबक्याची तक्रार घेऊन आलेल्या बायकांना एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीकडे, दुसरीवरून तिसरीकडे पाठविले जाते आणि शेवटी त्या पहिल्याच खिडकीपाशी येऊन पोहोचतात. हे पाहून सभागृहात जो हशा उसळला, त्यात आमच्या नगरपालिकेचे कारकून आघाडीवर होते.

पण त्या दिवशीची मला अधिक आठवते ती चित्रपट सुरू होण्यापूर्वीची गोष्ट. आबा पेटी घेऊन आले. त्यांच्या सदऱ्याला नेहमीप्रमाणे वंगणाचे डाग होते. हाताच्या रेषांत काळे भरलेले होते. पेटी दाराशी ठेवून ते परत वळले, तेव्हा वकीलसाहेब आपणहून पुढे आले आणि म्हणाले, "अहो, दर आठवड्याला बाहेरच बसता. आज आत या की. बसा, पाहा." आबांनी एकवार आत पाहिले. बाके मांडलेली होती. माझ्या शेजारी डॉक्टरांचा मुलगा उभा होता. आबा काही बोलणार, तोच माझ्या तोंडून शब्द निघून गेले, "त्यांना इंग्रजी कळत नाही."

कोणी मोठ्याने हसले नाही. दोघेतिघे नुसते स्मित करून गप्प राहिले. आबा म्हणाले, "खरं आहे." आणि पायरीवर, आपल्या सायकलपाशी जाऊन बसले. चित्रपट जपानी होता. सभागृहातल्या एकाही माणसाला त्यातले एक अक्षर कळणार नव्हते. पण ही गोष्ट माझ्या ध्यानात यायला कितीतरी वर्षे जावी लागली. शेवटी तो वृद्ध अधिकारी आपण बांधलेल्या बागेत, बर्फ पडत असताना, एकटाच झोपाळ्यावर बसून गाणे म्हणतो. ते मी पाहत होतो आणि दाराच्या फटीतून मधूनमधून बाहेर विडीचे निखारे दिसत होते.

पाचव्या रविवारच्या 'पथेर पांचाली'विषयी विशेष लिहीत नाही. तो पुढे इतक्यांदा पाहिला की पहिल्या दर्शनाची आठवण पुसट झाली आहे. एवढे स्मरते की अपू आणि दुर्गा काशाच्या तुऱ्यांमधून आगगाडी पाहायला धावतात, नेमक्या त्याच वेळी गावची वीज गेली. वीस मिनिटे सारे अंधारात बसून होते. एकही माणूस उठला नाही.

सहावा चित्रपट इटलीचा होता, 'बायसिकल थीव्ज', म्हणजे सायकलचोर. दिग्दर्शक व्हित्तोरिओ दे सिका, साल 1948. सरांनी त्या दिवशी गोषवाऱ्याआधी थोडी माहिती सांगितली. सत्यजित राय 1950 साली लंडनला गेले असता त्यांनी हा चित्रपट पाहिला आणि आपणही असाच, खऱ्या जागी, अपरिचित माणसे घेऊन चित्रपट करायचा, असे त्यांच्या मनाने घेतले. 1952 साली मुंबईस भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात तो आपल्या लोकांना पाहायला मिळाला; आणि पुढच्याच वर्षी बिमल रॉय यांचा 'दो बिघा जमीन' आला. यातील बाप हा नट नसून कारखान्यातला खराखुरा कामगार आहे आणि मुलगा रोमच्या रस्त्यावर सापडलेला आहे, हे ऐकून आम्ही मुले सावरून बसलो. त्या कामगाराचे पुढे काय झाले, ते मी फार उशिरा वाचले. चित्रपट जगभर गाजला. त्याची कारखान्यातली नोकरी मात्र गेली.

चित्रपटाचे नाव आबांना मी सांगितले नव्हते. सांगावे असे दोन वेळा मनात आले होते. चौथ्या रविवारनंतर आमच्यात बोलणे पूर्वीसारखेच चालू होते. पण चित्रपटांचा विषय तेही काढीत नसत आणि मीही काढीत नसे.

पहिले रीळ ठीक पार पडले. युद्धानंतरचे रोम. दोन वर्षे काम नसलेला अंतोनियो रिच्ची. भिंतीवर जाहिराती चिकटविण्याचे काम त्याला मिळते, पण अट अशी की स्वतःची सायकल हवी. सायकल गहाण पडलेली. बायको पलंगावरच्या चादरी ओढून काढते, घरातल्या सगळ्या चादरी गहाण टाकून सायकल सोडवून आणते. आणि कामाच्या पहिल्याच दिवशी, अंतोनियो शिडीवर चढलेला असताना, एक तरुण ती सायकल घेऊन पळतो. चादरी गहाण टाकण्याचा तो प्रसंगही आम्ही चादरींवरच पाहत होतो. दोन चादरी मधोमध शिवून केलेला आमचा पडदा. शिवण बरोबर अंतोनियोच्या चेहऱ्यावरून जात होती.

दुसरे रीळ लागले. अंतोनियो, त्याचा मुलगा ब्रुनो आणि दोनतीन मित्र पहाटे जुन्या सायकलींच्या बाजारात शोध घेऊ लागतात. चोरलेली सायकल सुटी करून विकतात. म्हणून एकाने चाके पाहायची, एकाने सांगाडे पाहायचे, आणि घंटा व पंप शोधायचे काम ब्रुनोकडे. पडद्यावर घंटांच्या रांगा होत्या, टायरांच्या माळा होत्या. एवढ्यात मागे खाडकन आवाज झाला. यंत्र चालविणारे गृहस्थ ओरडले. दिवे लागले. मागल्या चाकाला फिरविणारा पट्टा तुटला होता. चाक थांबले होते आणि यंत्रातून सुटलेली फीत जमिनीवर वेटोळे करून साचत होती.

दुसरा पट्टा नव्हता. तो पुण्याशिवाय मिळणार नव्हता. खेळ बंद करावा, अशी भाषा सुरू झाली. सर कपाळाला हात लावून उभे होते. त्या वेळी दारातून आबा आत आले. ते केव्हापासून दारात उभे होते, कोण जाणे. त्यांनी यंत्राभोवती एक फेरी मारली, हाताने चाक फिरवून पाहिले आणि विचारले, "हे चाक किती ओढ घेतं?" मग सायकलच्या सीटखालची पिशवी घेऊन आले. जुन्या ट्यूबची बोटभर रुंद, लांब पट्टी कातरली. दोन्ही टोके कानशीने घासली, सोल्यूशन लावले, फुंकर घालून वाळविले आणि अंगठ्याखाली दाबून धरले. पहिली पट्टी सैल पडली. दुसरी इतकी घट्ट झाली की चाक कुरकुरू लागले. तिसरी बसली. डॉक्टर, वकील, प्राध्यापक असे सारे त्या काळ्या बोटांकडे टक लावून पाहत होते. मी बाकावर होतो. उठून जवळ जाण्याचा धीर मला झाला नाही.

"जोड ओला आहे. मी जवळ बसतो," असे म्हणून आबा यंत्राशेजारी जमिनीवर बसले. दिवे मालवले.

त्यापुढचा चित्रपट मी अर्धा पडद्यावर आणि अर्धा आबांच्या तोंडावर पाहिला. यंत्राच्या फटींतून निसटणारा उजेड त्यांच्या गालावर हलत होता. बाजारात एक माणूस सायकलचा सांगाडा रंगवीत बसलेला असतो. अंतोनियोला संशय येतो, पोलिसाला बोलावून सांगाड्यावरचा क्रमांक पाहतात. पण तो निराळाच निघतो. त्या वेळी आबा "च्" असे जोराने म्हणाले. पुढे पाऊस येतो. बाप रागाच्या भरात मुलाच्या थोबाडीत मारतो. नदीवर मूल बुडाल्याचा गलबला ऐकून घाबरा होऊन धावतो. आणि मग उरलेसुरले पैसे मोजून त्याला खाणावळीत खाऊ घालतो. मग तो शेवट. क्रीडांगणाबाहेर शेकडो सायकली लावलेल्या; एका दारापाशी एकच, एकटी सायकल. अंतोनियो मुलाला ट्रामने पुढे जायला सांगतो आणि ती सायकल घेऊन पळतो. लोक पाठलाग करून त्याला पकडतात, मारतात. ट्राम चुकलेला ब्रुनो ते सगळे पाहतो. रडत गर्दीत घुसतो. त्या मुलाकडे पाहून सायकलचा मालक अंतोनियोला सोडून देतो. बापलेक गर्दीतून चालू लागतात. बापाला रडू आवरत नाही आणि मुलगा त्याचा हात धरतो.

दिवे लागले तेव्हा आबा पट्ट्यावरून बोट फिरवून जोड तपासत होते.

त्या रात्री घरी जाताना आबांनी नेहमीप्रमाणे पेटी कॅरिअरला बांधली. मी मागून पेटीला हात लावून चालत होतो. मी वडिलांचा हात धरला, असे येथे लिहिता आले असते तर बरे झाले असते. पण त्यांचे दोन्ही हात हँडलवर होते. आणि तसे नसते तरी मी धरला असता की नाही, कोणास ठाऊक. नदीवरून थंड वारा येत होता. बराच वेळ फ्रीव्हीलची टिकटिक तेवढी ऐकू येत होती.

"आधी काय झालं होतं?" आबांनी विचारले. "मी आलो तेव्हा बाजार चालू होता."

मी सांगू लागलो. चादरींचे सांगितले. गहाणवटीच्या दुकानात छतापर्यंत रचलेली गाठोडी असतात आणि आपल्या चादरींचे गाठोडे घेऊन एक माणूस त्या घडवंचीवर वर वर चढत जातो, ते सांगितले. सकाळी ब्रुनो सायकल पुसताना पायडलला पडलेला पोचा पाहतो आणि गहाणवटवाल्यांनीच तो पाडला म्हणून बापाला सुनावतो, हे सांगितले तेव्हा आबा थांबले. "पोरानं बघितला?" म्हणाले. "बापाला दिसला नव्हता?" नव्हता, असे मी म्हटले. ते पुन्हा चालू लागले.

मग त्यांनी मला सांगितले. चोरीची सायकल बाजारात आली की पहिल्याने रंग चढतो. क्रमांक कानशीने घासतात, तेव्हा तेथला पत्रा किंचित पातळ होतो. अंगठा फिरवला की कळते. आपल्या दुकानात अशा दोन आल्या होत्या. दोन्ही वेळा त्यांनी घेतल्या नाहीत. "तो पोलीस नुसता आकडा बघत होता. आकडा काय, कोणीही ठोकील. हात लावून बघायला हवा होता." इतक्या चित्रपटांवरच्या चर्चा मी त्या सभागृहात ऐकल्या, पण त्या बाजाराविषयी एवढे नेमके कोणी बोलले नव्हते.

घर जवळ आले तेव्हा ते म्हणाले, "मारामारीत त्याची टोपी पडली होती. पोरानं उचलली, झटकली. तू पाहिलंस?"

मी पाहिले होते. मी नुसते "हो" म्हटले. याहून काही अधिक म्हणायला हवे होते, हे मला त्याच क्षणी कळले होते. ते शब्द जुळवीत असतानाच घर आले आणि आईने दार उघडले.

मंडळ आणखी पाचसहा वर्षे चालले. पुढे घरोघर दूरदर्शन आले, व्हिडिओ आला, सर निवृत्त झाले आणि एके वर्षी वर्गणीच जमली नाही. ट्यूबची ती पट्टी मात्र त्या यंत्रावर बराच काळ होती. खरा पट्टा पुण्याहून आल्यावरही तिची जागा लवकर कोणी बदलली नाही. आज तो चित्रपट माझ्या नातवाच्या खिशातल्या दूरध्वनीवर दिसू शकतो. बातमी वाचली त्या दिवशी मी तो त्याच्याकडून लावून घेतला. पहिला भाग संपून बाजाराचा प्रसंग आला आणि मी नकळत मागे वळून पाहिले.

त्या सोमवारी पहाटे मला आवाजाने जाग आली. आबा मोरीत बसून रॉकेलने हात घासत होते. मग साबण लावला, धुतले, पुन्हा रॉकेल घेतले, पुन्हा धुतले. एरवी सणाच्या दिवशीही ते इतके घासत नसत. धोतराच्या स्वच्छ सोग्याला हात पुसून त्यांनी बाजेखालची पेटी ओढली आणि माझ्याकडे न पाहता विचारले, "पहिलं रीळ कोणतं?"

मी उठून ते काढून दिले. "कडेला धरा," मी म्हटले. "मध्ये बोट लागलं तर ठसा उमटतो." त्यांनी अंगठा आणि तर्जनी यांच्या टोकांत फितीच्या दोन कडा धरल्या. आम्ही अंगणात आलो. पूर्वेकडे उजाडत होते. त्या उजेडासमोर त्यांनी फीत धरली आणि डोळा बारीक केला. आरंभी नुसती अक्षरे होती. मी रीळ हळूहळू उलगडत गेलो. मग पायऱ्यांवरचा तो अधिकारी आणि त्याच्याभोवती कामासाठी जमलेली माणसे आली. पुढच्या चौकटीतही तीच माणसे, त्यापुढेही तीच.

"किती माणसं आहेत रे," आबा म्हणाले आणि मोजू लागले. सतरा का अठरापर्यंत आले होते, तेव्हा स्थानकाकडून गाडीचा भोंगा ऐकू आला. त्यांनी फीत मला गुंडाळायला दिली आणि ते सायकलच्या कॅरिअरची दोरी सोडू लागले.